गाडीचा स्कॅनर घ्यावा की नको? कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कुडाळात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना हे प्रश्न मला सतत येतात. कोणी दारात उभं राहून विचारतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचा फोटो पाठवतं. जून-जुलैत आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर फोन खाली ठेवायला मिळत नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. स्कॅनर म्हणजे नेमकं काय? तो गाडीत काय बघतो?

इंजिन सांभाळणारा जो छोटा कॉम्प्युटर असतो, म्हणजे ईसीयू, तो सेन्सरांकडून सतत माहिती घेत असतो. पाणी किती तापलंय, हवा किती आत येतेय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय. एखादी माहिती त्याच्या हिशेबात बसली नाही की तो एक कोड लिहून ठेवतो आणि मीटरवर इंजिनच्या आकाराची पिवळी लाइट लावतो. स्कॅनर हा कोड वाचतो, पुसतो आणि चालू इंजिनचे आकडे, म्हणजे ‘लाइव्ह डेटा’, दाखवतो.

कोडचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-एबीएस (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), ‘बी’ म्हणजे एअरबॅगसारख्या बॉडीतल्या गोष्टी, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा एकमेकांशी संपर्क तुटलाय. जिथे सेन्सरच नाही तिथलं स्कॅनरला काही कळत नाही. क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, गंजलेली चासी हे सगळं डोळ्यांनीच पाहावं लागतं.

२. माझी गाडी २००९ ची आहे. चालेल का?

आधी स्कॅनर जोडायचं सॉकेट बघा (प्रश्न ३). भारतात कारसाठी ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतःच टिपायच्या पद्धतीचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आला आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ ला. त्यामुळे २०१३ नंतरची पेट्रोल किंवा डिझेल कार असेल तर साधा स्कॅनर चालायला हवा. २०१० ते २०१३ मधल्या बहुतेक गाड्यांना चालतो. २०१० च्या आधीच्या गाड्यांचं सांगता येत नाही. काहींना १६ पिनांचं सॉकेट असतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. अशा गाडीला स्वस्तातला स्कॅनर लावला तर नुसता ‘कनेक्टिंग’ दाखवत बसतो. विकत घेण्याआधी मित्राचा पाच मिनिटं लावून पाहा.

३. ते सॉकेट असतं कुठे?

ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला. बॉनेट उघडायच्या खटक्याच्या आसपास हात फिरवलात की सापडतं. एक बाजू रुंद, एक अरुंद, आठ-आठ पिनांच्या दोन ओळी. काही गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे लपलेलं असतं. मोबाइलची टॉर्च लावून गुडघ्यावर बसावं लागतं, एरवी दिसत नाही.

४. पिवळी लाइट लागली की गाडी लगेच थांबवायची का?

लाइट स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि टेम्परेचर ठीक असेल, तर घरी किंवा गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लाइट लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखादा सिलिंडर पेट घेत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, असा त्याचा अर्थ. तशीच करूळ किंवा आंबोली घाट चढवलीत तर प्लग-कॉइलचं छोटं काम कन्व्हर्टरच्या मोठ्या खर्चावर जातं. बाजूला घ्या.

लाल लाइट, म्हणजे ऑइल प्रेशर किंवा टेम्परेचर, लागली तर जिथे आहात तिथे सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा. तिथे आधी स्कॅनर काढून बसायचं नाही.

५. पाचशे रुपयांपासून लाखापर्यंत मिळतात. फरक काय?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला म्हणजे ब्लूटूथचं डोंगल, सॉकेटमध्ये खोचायचा छोटा ठोकळा. साधारण पाचशे ते हजारात मिळतं आणि मोबाइलवरच्या टॉर्क किंवा कार स्कॅनर अशा अ‍ॅपवर चालतं. यांतल्या बहुतेकांवर ‘ईएलएम३२७’ लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडातल्या एका कंपनीची, बाजारातली स्वस्त डोंगलं म्हणजे तिच्या नकला. नकलेत काही आज्ञा गाळलेल्या असतात, त्यामुळे एका गाडीला लागतं आणि दुसरीला लागत नाही. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. यापेक्षा चांगल्या बनावटीची डोंगलं दोन-तीन हजारांच्या पुढे सुरू होतात, ती जास्त वेगाने आणि भरवशाने आकडे देतात.

दुसरा, स्वतःचा छोटा स्क्रीन आणि केबल असलेला हातातला रीडर. दीड-दोन हजारांपासून पुढे. मोबाइल, अ‍ॅप, पेअरिंग काही नको. बाबांना किंवा काकांना वापरायला द्यायचा असेल तर मी हाच सुचवतो.

तिसरा गॅरेजचा टॅब्लेट. एबीएस, एअरबॅग सगळं वाचतो, रेडिएटरचा पंखा किंवा फ्युएल पंप स्वतः चालू करून तपासतो, नव्या इंजेक्टरवरचा नंबर ईसीयूत भरतो. किंमत काही दहा हजारांपासून लाखाच्या वर, शिवाय दरवर्षी अपडेटचे पैसे. घरच्या एका गाडीसाठी हा घेऊ नका.

६. आयफोनला कुठलंही डोंगल चालतं का?

नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचं डोंगल आयफोनला सहसा जोडलं जात नाही. ‘बीएलई’ (नव्या पद्धतीचं, कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफाय असं लिहिलेलं घ्या.

७. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की तो सेन्सर बदलायचा, बरोबर ना?

इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून नीट सांगतो.

कोड म्हणजे तक्रार. कुठला पार्ट खराब झाला हे त्यात लिहिलेलं नसतं. पी०१७१ चा अर्थ एवढाच की इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. ती चोरवाटेने येत असेल, फ्युएल पंप दमला असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल.

मी नवीन असताना एका गिऱ्हाइकाच्या गाडीत हाच कोड आला. ऑक्सिजन सेन्सरचे आकडे विचित्र दिसत होते, म्हणून मी तो बदलायला लावला. चार दिवसांनी लाइट परत. मग एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप काढला. बाहेरून अगदी धड. हातात धरून वाकवला तेव्हा त्याच्या चुण्यांमध्ये अंगठ्याएवढी चीर उघडली. पाइप सरळ असला की ती मिटलेली, आणि गाडीने ओढ घेतली, इंजिन जरा हललं की उघडी. हवा मोजून झाल्यावर पुढे वाटेत जास्तीची हवा आत जात होती आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. सेन्सरचे पैसे मी त्या माणसाला परत दिले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. कोड वाचायचा, त्या भागातले पाइप, कपलर (वायरींचे जोड) आणि वायर हाताने चाचपायच्या, मग मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर) लावायचा, आणि पार्ट सर्वांत शेवटी. हा क्रम पाळायची तयारी असेल तर स्कॅनर घ्या. कोड बघून थेट ऑनलाइन पार्ट मागवणार असाल तर तो तुम्हाला खर्चातच टाकेल.

८. आपल्या कोकणात कुठले कोड जास्त येतात?

इथे खारी हवा आहे, चार महिने पाऊस आहे आणि घराभोवती झाडी आहे. पुण्याच्या गाडीला जो कोड पार्ट झिजल्यामुळे येतो, तोच मालवण-वेंगुर्ल्याच्या गाडीला नुसत्या गंजामुळे येऊ शकतो.

पहिला मान चाकांच्या स्पीड सेन्सरचा. एबीएसची लाइट लागते. कारसाठी एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे आता हा त्रास लहान गाड्यांतही दिसतो. सेन्सर चाकाजवळ, चिखल आणि खारं पाणी थेट त्याच्यावर. कपलर उघडलात तर पिनांवर हिरवट पूड दिसते, मोरचुदासारखी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ करून, कोरडं करून परत बसवलं की पुष्कळ वेळा काम होतं. तारकर्ली किंवा गुहागरच्या वाळूत गाडी उतरवणाऱ्यांनी तर गोड्या पाण्याने खालून धुतल्याशिवाय घरी लावूच नये.

दुसरा पी०३०० आणि त्याच्या पुढचे मिसफायरचे, म्हणजे सिलिंडर पेट न घेण्याचे, कोड. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पावसात कॉइलखाली पाणी साचतं, ठिणगी भलतीकडे उडते.

तिसरा पी०५६२, व्होल्टेज कमी. बॅटरी बदलण्याआधी तिची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बोल्टने बसवली आहे ती जागा बघा. बोल्टखाली गंज असेल तर नवी बॅटरीही तोच कोड देईल. अर्थिंग खराब असलं की संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. असे घोळक्याने कोड आले तर मी आधी पाना घेऊन तो बोल्टच सोडवतो.

आणि उंदीर. दोन वर्षांपूर्वी गणपतीत एक चाकरमानी आले. गाडी तीन रात्री मांगराशेजारी लावलेली. म्हणाले, “गाडी घाटीर ओढणा नाय, आणि ती पिवळी लाइट काय विझणा नाय.” स्कॅनरवर पी०११३. लाइव्ह डेटा उघडला तर आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० दाखवत होता. कुडाळात उणे ४० कुठून येणार? सेन्सरची तार तुटली की ईसीयूला असा आकडा दिसतो. बॉनेट उघडून त्या वायरमागे हात नेला तर दोन तारा दातांनी साफ कापलेल्या, आणि बॅटरीखाली नारळाच्या सोडणाचं घरटं. तारा जोडल्या, टेप आणि स्लीव्ह चढवली, काम अर्ध्या तासात झालं. नवा सेन्सर लावला असता तरी आकडा उणे ४० च राहिला असता.

९. कोड पुसून टाकला तर लाइट गेली. आता झालं ना?

मूळ दोष राहिला असेल तर लाइट परत येणारच. कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने. पुसण्याआधी कोडचा फोटो काढा, आणि ‘फ्रीझ फ्रेम’ असेल तर तिचाही. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, किती फेरे घेत होतं हे त्यात असतं. पुसलं की तेही जातं. बॅटरी काढून ठेवूनही पुष्कळ गाड्यांत हीच माहिती जाते, म्हणून गॅरेजवर आणण्याआधी तो उद्योग करू नका.

१०. लाइव्ह डेटामध्ये शंभर आकडे येतात. बघायचं काय?

नवख्याने तीनच बघावेत.

पाण्याचं तापमान. गरम झालेल्या इंजिनात साधारण ८५ ते १०० अंश. एसी लावून, गाडी भरून फोंडाघाट चढताना त्याच्या थोडं वर गेलं आणि माथ्यावर खाली आलं तर घाबरू नका. ११० च्या पुढे चढतच राहिलं तर एसी बंद, गाडी बाजूला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आजकाल बऱ्याच गाड्यांत टेम्परेचरचा काटाच नसतो, नुसती लाइट असते, आणि ती लागते तेव्हा उशीर झालेला असतो. घाटात नेहमी ये-जा करणाऱ्याने स्कॅनर घ्यावा असं मला वाटतं, ते या एका आकड्यासाठी.

व्होल्टेज. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या वर, इंजिन चालू असताना साधारण १३.७ ते १४.७. नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे चालताना मध्येच १२.५ दिसलं तर तो दोष नव्हे. स्वस्त डोंगल दोन-चार दशांश चुकतं, एकदा मल्टिमीटरशी ताडून ठेवा.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, फक्त पेट्रोल गाडीत. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (ईसीयूने शिकून ठेवलेली) या दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत हवी. पी०१७१ आला असेल तर हा आकडा वाट दाखवतो. उभ्या गाडीत, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), ट्रिम अधिक २० आहे आणि अडीच हजार फेऱ्यांवर नेल्यावर तो पाच-सातवर उतरला, तर कुठूनतरी हवा चोरून शिरतेय. उलट आयडलवर ठीक आणि चढावर, जोर लावल्यावर वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर किंवा पंप बघा.

११. गॅरेजवाला स्कॅनिंगचे तीनशे-पाचशे घेतो. मग स्वतःचा घेणं परवडतं का?

नुसतं दोन-तीन वेळा स्कॅन केलं की वसूल, असा हिशेब दुकानदार सांगतात. मला तो पुरता पटत नाही. गॅरेजमध्ये मोजलेले पैसे त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या माणसाचेही असतात.

माझा हिशेब अंतराचा. तुम्ही कुडाळ, कणकवली, चिपळूण, रत्नागिरी अशा गावात राहत असाल आणि ओळखीचा चांगला मेकॅनिक दहा मिनिटांवर असेल, तर घाई नाही. पण विजयदुर्ग, आचरा, दाभोळ, वेळणेश्वर अशा टोकाला असाल तर पिवळी लाइट लागल्यावर पहिला प्रश्न असतो की गाडी चालवत न्यायची की टो करून. त्याचं उत्तर घरबसल्या मिळणं आणि फोनवर मेकॅनिकला कोड सांगता येणं, याला खरी किंमत आहे. तो सेन्सर किंवा कॉइल मागवून ठेवू शकतो, तुमची एक खेप वाचते.

दुसरा मुद्दा गाडीच्या वयाचा. वॉरंटी संपलेली, सहा-सात वर्षांपुढची गाडी असेल तर घ्या. तिसरा, घरात कोणाला तरी बॉनेट उघडून हात काळे करायची आवड हवी. हे तिन्ही जुळत असेल तर दीड-दोन हजारांचा रीडर आणि सोबत काही शे रुपयांचा मल्टिमीटर, दोन्ही घ्या. नुसत्या स्कॅनरपेक्षा ही जोडी कितीतरी कामाची.

१२. मग कोणी घेऊ नये?

नवी, वॉरंटीतली गाडी असणाऱ्यांनी. वर्षाला दोन हजार किलोमीटरही न चालवणाऱ्यांनी. आणि ज्यांना प्रत्येक आकडा बघून काळजी लागते त्यांनी, हे मी मनापासून सांगतो. एक शिक्षक रोज सकाळी ट्रिमचे आकडे मला पाठवायचे. त्यांची गाडी ठणठणीत होती, झोप मात्र उडाली होती.

१३. वाडीत पाच-सहा गाड्या आहेत. मिळून एक घेतला तर?

उत्तम. फक्त केबलवाला हातातला रीडर घ्या, डोंगल नको, कारण मग प्रत्येकाच्या मोबाइलवर अ‍ॅप आणि पेअरिंगचा घोळ होतो. सोबत एक वही ठेवा: तारीख, गाडी, किलोमीटर, कोड, काय केलं. आधी वहीत लिहिल्याशिवाय कोड पुसायचा नाही हा नियम करा. रीडर डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. आपल्या हवेत त्याच्याही पिना गंजतात.

१४. एबीएस किंवा एअरबॅगची लाइट साध्या स्कॅनरने जाते का?

बहुतेक वेळा नाही. पाचशेचं डोंगल इंजिनचेच कोड वाचतं. घेताना खोक्यावर एबीएस आणि एसआरएस (म्हणजे एअरबॅग) लिहिलंय का, आणि तुमच्या कंपनीच्या गाडीसाठी लिहिलंय का, ते बघा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरी हात लावू नका. ते काम बॅटरी काढून, थांबून, माहिती असणाऱ्यानेच करायचं.

१५. सेकंड हँड गाडी बघायला जाताना स्कॅनर नेऊ का?

नक्की न्या. स्कॅनरचे पैसे एका दिवसात वसूल होतात ते इथेच.

विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून ठेवतो, त्यामुळे ‘नो कोड’ दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. ‘रेडीनेस’ नावाचं पान उघडा. ईसीयू स्वतःच्या ज्या तपासण्या करतो त्या पूर्ण झाल्या की नाही हे तिथे दिसतं. कोड पुसले की त्या सगळ्या ‘अपूर्ण’ होतात आणि परत पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असाही आकडा मिळतो. रोज वापरातली म्हणून दाखवलेली गाडी तिथे ७ किलोमीटर दाखवत असेल, तर विचारा की काल काय पुसलंत. बॅटरी नुकतीच बदललेली असेल तरीही असं दिसू शकतं, तेव्हा बिल मागा आणि तीन-चार दिवसांनी परत बघायला या.

पुरातून आलेली गाडी ओळखायलाही मदत होते. वेगवेगळ्या कॉम्प्युटरांचे ‘यू’ कोड एकदम असतील तर गालिचा उचला, सीटचे रूळ बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या हातभरावर गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही.

१६. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. स्कॅनर लावून बघू का सुरू होते का?

नका. कृपा करून चावीच फिरवू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर शेकडो घरांपुढे हाच प्रश्न होता. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओल्या कपलरांत करंट गेला तर ईसीयू जळतो, आणि स्कॅनर लावायचा तर चावी ‘ऑन’ करावीच लागते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी कुठवर चढलं होतं त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या. सगळं उघडून वाळवल्यावर स्कॅनरची पाळी येते.

१७. बीएस-६ डिझेल आहे, डीपीएफची लाइट वारंवार येते. स्कॅनर उपयोगी पडेल?

दोष समजायला, हो. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी पकडणारी जाळी. ती साधारण ६०० अंशांना तापली की काजळी जळते, हीच तिची सफाई. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच तेवढी तापत नाही. काही अ‍ॅप काजळीचं प्रमाण आणि शेवटच्या सफाईनंतरचं अंतर दाखवतात, प्रत्येक गाडीत मिळेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या वेगाने मुंबई-गोवा हायवेवर वीसेक मिनिटं सलग चालवा, आणि सफाई चालू असताना मध्येच बंद करू नका.

पी२४६३ म्हणजे काजळी साचली, ती बहुधा जाळता येते. पी२४२एफ म्हणजे राख साचली, ती जळत नाही, जाळी काढूनच साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची कांडी काढून बघा. पातळी वाढलेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय लांब जाऊ नका.

१८. सीएनजी गाडीला चालतो का?

कंपनी फिटेड असेल तर चालतो. बाहेरून बसवलेल्या किटचा कॉम्प्युटर वेगळा असतो आणि तो फक्त किटवाल्याच्या सॉफ्टवेअरनेच उघडतो. मिसफायरचा कोड आला तर तो पुसा, दोन-तीन दिवस नुसती पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर आला नाही आणि सीएनजीवर लगेच आला, तर प्लग आणि सीएनजीचे इंजेक्टर बघायचे. सीएनजीवर कमकुवत प्लग आधी उघडे पडतात.

१९. डोंगल कायम लावून ठेवलं तर चालतं का?

नको. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. डोंगल थोडाच घेतं, पण वर्षभर मुंबईत राहून गाडी गावी ठेवणाऱ्यांची बॅटरी त्याने उतरते. शिवाय स्वस्त डोंगलांचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो, शेजारी उभा असलेला कोणीही जोडू शकतो. आणि काही गाड्यांत ते क्लच दाबताना गुडघ्याला लागतं. काम झालं की काढा.

२०. स्कॅनर लावला तर वॉरंटी जाईल का?

नुसतं वाचल्याने गाडीत काही बदलत नाही. पण वॉरंटीतल्या गाडीचा कोड सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी पुसू नका. तो तुमचा पुरावा आहे. फोटो काढा आणि तसाच घेऊन जा. अ‍ॅपमधले ‘कोडिंग’, ‘ट्यूनिंग’ असले पर्याय मात्र वाचण्यापुरते नसतात, ते गाडीत लिहितात. त्यांना हात लावू नका.

२१. इलेक्ट्रिक गाडी आणि बाइकचं काय?

इलेक्ट्रिक गाडीत सॉकेट असतं, पण नेहमीचे इंजिनचे आकडे तिथे नसतात. बॅटरीची तब्येत बघायला त्या मॉडेलसाठी बनवलेलं अ‍ॅप लागतं. एकदम खूप इशारे आले तर आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. केशरी केबलींना स्पर्श नको.

बीएस-६ बाइकचं सॉकेट वेगळं असतं, पुष्कळदा ६ पिनांचं. मधली जोड-केबल घ्यावी लागते, आणि मग अ‍ॅप बाइकचं ऐकेलच याची खात्री नसते. बाइकसाठी म्हणून वेगळा खर्च करावा असं मला वाटत नाही.

२२. काल चालत होता, आज स्कॅनर चालूच होत नाही. बिघडला का?

बहुधा फ्यूज उडालाय. अनेक गाड्यांत सिगारेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. लायटरमध्ये मोबाइलचा चार्जर चालतो का बघा. फ्यूज ठीक असेल तर टॉर्चने पिना बघा. समुद्राकाठच्या गाड्यांत त्या काळवंडतात किंवा हिरव्या पडतात. मल्टिमीटरची काळी तार ४ नंबरवर, लाल १६ नंबरवर. १२ च्या आसपास आलं तर वीज ठीक आहे. स्कॅनर पेटतो पण गाडीशी बोलत नाही असं असेल, तर चावी ‘ऑन’ आहे ना ते बघा आणि मग प्रश्न २ वाचा.

२३. लाइट कधी लागते, कधी आपोआप जाते. गॅरेजवर नेली की कोडच नसतो. काय करू?

हा सगळ्यांत अवघड प्रकार, आणि स्वतःचा स्कॅनर सर्वांत जास्त इथे उपयोगी पडतो.

बरेचसे दोष ईसीयू पहिल्या वेळी नुसते ‘पेंडिंग’ म्हणून टिपतो. पुढच्या फेरीत परत दिसले तर लाइट लावतो. सलग तीन फेऱ्या ठीक गेल्या की लाइट विझवतो, पण कोड मात्र पुढे सुमारे चाळीस वेळा इंजिन तापून थंड होईपर्यंत आठवणीत राहतो. म्हणजे लाइट गेली तरी कोड आत असतो, कोणी पुसला नसेल तर. तुमच्या गॅरेजवाल्याने फक्त पक्के कोड बघितले असतील. त्याला पेंडिंग आणि जुने कोडही बघायला सांगा.

स्कॅनर तुमच्याकडे असेल तर तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि लाइट लागेल त्याच वेळी, इंजिन बंद न करता, गाडी बाजूला उभी करून वाचा. फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या. सोबत लिहा: पाऊस होता का, रस्त्यावर पाणी होतं का, खड्ड्यात आपटली होती का, टाकी नुकतीच भरली होती का. मग गाडी उभी, इंजिन चालू, लाइव्ह डेटावर त्या सेन्सरचा आकडा लावून एकाने मोबाइल बघायचा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली त्याची वायर कपलरपासून मागे हळूहळू हलवत जायचं. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब, सैल बाह्या नकोत. ज्या जागी हात पोचल्यावर आकडा उडी मारतो, तिथे खडूने खूण करा आणि इंजिन बंद करून ती जागा उघडा.